सरळ चेंडूपुरती प्रार्थना

गुरुवार, ता. ५ डिसेंबर १९७४

कारखान्याच्या बेसबॉल संघात पिचरची, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याची, एकच जागा शिल्लक आहे आणि उमेदवार दोन — दोघेही मार खाणारे! नेरेओचे वय झाले. त्याचा चेंडू अचूक जातो, परंतु इतका सावकाश की फलंदाजाला मिशीवरून हात फिरवायला सवड मिळते. बासिलिओ विशीतला, हातात वीज. तरीही जो येतो तो त्याचा चेंडू उसात भिरकावतो. साखर कारखान्याने निवड माझ्यावर सोपविली आहे. रविवारी सामना, त्यानंतर निर्णय. जो गळेल, त्याच्या हाती ऊसतोडीचा कोयता.

मी चौथी उत्तीर्ण आहे. निर्णय लेखी देईन.

शुक्रवार, ता. ६

नेरेओ मला आदबीने म्हणाला, "डॉन एफ्राइन, मला काढायचं असेल तर जेवण झाल्यावर सांगा. उपाशीपोटी मी फार रडतो."

हसू आवरले. निवड करणाऱ्याने हसू नये.

शनिवार, ता. ७

आमची कासिल्दा सराव पाहावयास आली. मांडीवर तुरीच्या शेंगा. सोलता सोलता म्हणाली, "अहो, हा पोरगा गळ्यातल्या पदकाचा मुका घेतो ना, तेव्हा चेंडू सरळ येतो. नाही घेतला की वळतो."

"तू शेंगा सोल," मी म्हणालो. मग नीट पाहिले. खरेच होते! आल्ताग्रासियाच्या मेरीमातेचे पदक तो केवळ सरळ, वेगवान चेंडूपूर्वी ओठांना लावतो. पत्नीस दिसले ते फलंदाजांस दिसणारच. मला मात्र दिसले नव्हते.

बासिलिओला बाजूस घेतले. वळत्या चेंडूपूर्वी का नाही?

"तो मला येतो, डॉन. जमतं त्यासाठी आईला कशाला हाक मारायची?"

"मग उद्या प्रत्येक चेंडूआधी मुका घे. फलंदाज फसतील."

"आईच्या नावानं फसवू? नको मला जागा!"

मागून नेरेओ ओरडला, "अरे, मग मला दे ते पदक! मी दिवसभर मुके घेतो!"

रविवार, ता. ८

शेजारच्या कारखान्याच्या संघाने नेरेओला झोडपले. मग बासिलिओ उभा राहिला — आणि प्रत्येक चेंडूपूर्वी पदक ओठांना! फलंदाज सरळ चेंडूची वाट पाहत हवेत बॅट फिरवीत राहिले. एकाने तर बॅट आपटली. पोरगा हट्टी, परंतु अखेर शहाणा निघाला. माझा सल्ला कामी आला याचे समाधान वाटले.

जागा बासिलिओस दिली. लेखी. नेरेओस जेवणानंतर सांगितले, तरीही रडला. "भरल्या पोटीही रडू येतंच की हो!" म्हणाला, आणि जाऊन बासिलिओला मिठी मारली.

सोमवार, ता. ९

सकाळीच बासिलिओ दारात. "डॉन, मी कुणाला फसवलं नाही, शपथ! काल इतका घाबरलो होतो, वळता चेंडूसुद्धा येईल असं वाटेना. दरवेळी खरंच आईला हाक मारली. आता बघा, भीती पार गेली! वळत्या चेंडूसाठी आईला पुन्हा त्रास नाही."

तो गेल्यावर तडक चर्चमध्ये गेलो. मेणबत्ती लावली. पोराची भीती परत येवो.