विझवलेली भट्टी

३ मार्च
मंत्रीसाहेबांनी मी लिहिलेल्या मसुद्यावर सही केली! "मसुदेवाले, हा खरा आपल्या पक्षाचा कायदा," म्हणाले. "परवाने नकोत, अनुदानं नकोत, इन्स्पेक्टरचा ससेमिरा नको. धुराला किंमत लावा, आलेला पैसा घरोघरी परत वाटा. पुढचं बाजार बघून घेईल."
हेच मी किती वर्षं घसा कोरडा करून सांगतोय! विरोधकांना प्रत्येक गोष्टीवर बंदी हवी, आमच्यातल्या निम्म्यांना हवामानबदल थोतांड वाटतो. आज स्वर्ग दोन बोटं उरलाय.

९ मार्च
दादाच्या काचकारखान्यात. काचेची भट्टी वर्षानुवर्षं विझवत नाहीत — गार झाली की आतल्या विटा तडकतात, नवीनच बांधावी लागते. तरी दादा म्हणाला, "कोळसा महागणार म्हणतोस ना? मग विझवतो. विजेची बसवू."
वहिनी म्हणाली, "भावोजी, बुडालो तर रोज तुमच्याकडेच जेवायला येऊ हं!" सगळे हसलो. दादा जरा उशिरा हसला.

२१ मार्च
दादाचा फोन. "विझवली रे." एवढंच. माझ्या शब्दावर! भरून आलं.

२ एप्रिल
साहेबांनी केसाने गळा कापला.
भर सभेत, मी पहिल्या रांगेत! "धुरावर किंमत? हा तुमच्या चुलीवरचा कर आहे! आमच्याच कार्यालयातल्या एका अतिशहाण्याने लिहिला, मी फेकून दिला!" टाळ्यांचा कडकडाट. पैसे लोकांनाच परत मिळणार होते, त्याबद्दल चकार शब्द नाही.
जिन्यात गाठलं. "मनाला लावून घेऊ नका, मसुदेवाले. एक कारखानदार अक्षरशः पाया पडला हो. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" माणुसकी! आणि ज्याने विश्वासाने भट्टी विझवली, तो?

३ एप्रिल
दादा फोन उचलत नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

५ एप्रिल
गेलो. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होतो.
वळणावरूनच धुराडं दिसलं. धूर! नेहमीचा, काळा. अंगणात कोळशाचा नवा ढीग. वहिनी मला बघून आत गेली.
दादा मान खाली घालून म्हणाला, "त्या दिवशी तुझं तोंड बघून नाही म्हणवलं नाही रे. भट्टी विझवलीच नव्हती. साहेबांच्या पाया पडायला मीच गेलो होतो."