डाव्या हाताचा कठडा

२ मार्च, रविवार

इतिहास मी सांगायचा! चर्चमध्ये पाळकांनी भर उपासनेत जाहीर केलं — नव्या इमारतीच्या समर्पणाला मंडळीची गोष्ट आमच्या मावशी सांगतील. मावशी म्हणजे मी. टाळ्या पडल्या. गाण्याला साथ करणाऱ्या खंजिरीवालीनेही वाजवल्या, पण तोंड कडू औषध प्यायल्यासारखं. तिला वाटलं होतं, मान आपलाच. अगं पण मंडळी जन्मली कुठे? माझ्या आईच्या घरात!

ह्यांना सांगितलं. "सांग की. तुला बोलायला कधी निमित्त लागलंय?" म्हणाले आणि थापी धुवायला गेले.

४ मार्च

सरावासाठी लिहून काढते. आधी आईची पुढची खोली. शिलाई मशीनवर पांढरी चादर टाकली की उपदेशाचं पुलपिट तयार. सोमवारी त्याच मशीनवर लोकांचे परकर. आत्म्याने भरून अन्य भाषांत मोठमोठ्याने प्रार्थना सुरू झाली की वरचे भाडेकरू जमिनीवर काठी आपटायचे. आई म्हणायची, "ऐका, वरूनसुद्धा आमेन आलं!" हे सांगायचंच.

मग सायकल कारखान्यामागची पत्र्याची शेड. उन्हाळ्यात भट्टी नुसती, तरी गाणी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची. तिची मागची भिंत बांधायला एक तरुण गवंडी आला. भिंत बांधली आणि मलाही घेऊन गेला! लग्नाआधीच सांगितलं होतं, "तुमचं मंदिर बांधीन. आत बसणार नाही." शब्दाचा पक्का माणूस. अजून दर रविवारी फाटकापाशी स्कूटरवर बसून पेपर वाचतात.

मग हॉल. तोही ह्यांनीच बांधला. परांचीवरून पडले ते तिथेच. सगळी मंडळी उपास धरून बसली होती, पण उजवा खांदा गेला तो गेलाच. एकदाही टोमणा मारला नाही त्यांनी. देवाला मारले ते मीच.

आता हॉलही पुरेना, लोक जिन्यात बसतात. म्हणून ही चौथी जागा, हीही हेच बांधतायत. शिलाई मशीनपासून इथवर! आई असती तर गल्लीभर सांगत फिरली असती.

७ मार्च

एकच हाव आहे मला. त्या दिवशी ह्यांनी माझ्या शेजारी बसावं. विचारलं. "बघू." हे त्यांचं 'नाही' आहे, मला ठाऊक आहे.

१३ मार्च

शोभा झाली! नव्या इमारतीत पहिल्यांदाच बाप्तिस्म्याचा हौद आहे — पुलपिटच्या खाली, वरून फळ्या. आजवर बुडी द्यायला आम्ही नदीवर जायचो. आज सगळे बघायला गेलो तर पायऱ्या ह्या एवढ्याशा, आणि लोखंडी कठडा उतरताना डाव्या हाताला. पाळक हळूच म्हणाले, "काका, उजवीकडे हवा होता ना? लोक उजव्यानेच धरतात." "राहू दे," हे म्हणाले. बस, एवढंच!

खंजिरीवाली लागलीच माझ्या कानाशी. "पायऱ्या आहेत की उंबरठे? तुमच्या ह्यांचं वय झालं बाई."

वय झालं म्हणे! हिच्या डोक्यावरचं छप्पर कोणी घातलं? तिला तिथेच सुनावलं. पण घरी येऊन ह्यांच्यावरही ओरडले. इतकी वर्षं एक रेघ वाकडी नाही आणि नेमकं आत्ताच? "हौद गळणार नाही. बाकीचं मला विचारू नकोस," म्हणाले.

१९ मार्च

हे रोज संध्याकाळी हौदाला पाणी मारायला जातात. सिमेंटला पाणी लागतं, कळतं मला. पण इतकं? परवा डोकावले, तर हे आणि पाळक पायरीवर बसून बोलत होते. मला बघताच हे उठून पाणी मारायला लागले. कठड्याचं काय ठरलं, विचारलं, तर पाळक म्हणतात, "असू द्या मावशी. छान आहे." ह्यांनी चांगलंच फितवलंय पोराला!

२३ मार्च

भाषण पाठ. आपलं नाव घेऊ नको, हे म्हणाले. घेणार! भर सभेत घेणार. बघते कोण अडवतं ते.

३० मार्च, रविवार, सकाळी

हे अंधारातच गेले, हौद भरायचाय म्हणून. इस्त्रीचा पांढरा शर्ट पिशवीत घालून नेला. म्हणजे निदान कपडे बदलून आत येतील! शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवणार आहे. कोणालाही बसू देणार नाही.

३० मार्च, रात्री

वरच्या आमेनला सगळे पोट धरून हसले. ह्यांचं नाव घेतलं तेव्हा मात्र खुर्ची रिकामीच होती. रागाने आवाज चिरकला माझा. मग फळ्या उचलल्या, पाळक पाण्यात उभे राहिले आणि बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्याला हाक मारली. आमचे हे आले. पांढऱ्या शर्टात. डावा हात कठड्यावर ठेवून, एकेक बुटकी पायरी सावकाश उतरत.

घरी आल्यावर केस पुसत म्हणतात, "गळला नाही ना कुठे?"