लहान अ‍ॅम्प

दि. १९ ऑक्टोबर

चि. बारक्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे आईचा गुडघा आणि बाबांचा स्वभाव दोन्ही आहेत तसेच आहेत. दुकानात स्पीकर ठेवायला जागा उरली नाही, तरी बाबा जुने खोके टाकू देत नाहीत.

तुझं पत्र मिळालं. सभागृहाचा साऊंड सांभाळायची नोकरी चालून आली आणि तू नाही म्हणणार आहेस. का, तर 'माझा हातगुणच वाईट, तो सबवूफर मी जाळला तेव्हाच कळलं.' ते वाचून मी भांडी घासायला बसले. घासलेलीच भांडी.

परवा एक गिऱ्हाईक जळका सबवूफर घेऊन आलं. "अ‍ॅम्प्लिफायर तर लहानच लावला होता, मग स्पीकर जळला कसा?" मी म्हटलं, "लहान अ‍ॅम्प पिळला की आवाज फाटतो आणि आतली तारेची कॉईल तापत जाते. स्पीकर सतत जेवढे वॅट सोसतो तेवढ्याच ताकदीचा अ‍ॅम्प लावा, थोडा मोठा असला तरी चालेल. गेनचं बटण बेतानेच फिरवा. अ‍ॅम्पवरचा लाल दिवा लागला की हात आवरा." बाबा म्हणाले, "तुला बरं माहीत!" मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

मला माहीत आहे, कारण तेच मी केलं होतं.

सहा वर्षांपूर्वी, त्या शनिवारी नाचाच्या क्लासला सबवूफर मी नेला होता. तीनशे वॅटचा सबवूफर आणि दोनशेचा अ‍ॅम्प. लहान आहे, काय बिघडणार, म्हणून गेन शेवटपर्यंत फिरवला. लाल दिवा विझेना. क्लासच्या बाई म्हणाल्या, "तो दिवा डोळ्यांत जातो हो." मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली! दुपारभर तसंच वाजवलं. निघताना जळका वास आला. दुकानात आल्यावर पट्टी काढली, अ‍ॅम्प फडताळात ठेवला आणि गप्प बसले.

रविवारी तू तोच सबवूफर साखरपुड्याला नेलास. साडेतीनशेचा अ‍ॅम्प, गेन अगदी मोजून लावलेला. सगळं बरोबर होतं रे तुझं. अर्ध्या तासात तो बंद पडला आणि चारचौघांत बाबा ओरडले, "मोठा अ‍ॅम्प लावून जाळलास! पुन्हा माझ्या सामानाला हात लावू नकोस." मी शेजारीच उभी होते. माझी दातखीळ बसली. आठवड्याने तू घर सोडून गेलास, तेव्हा तुझी बॅगसुद्धा मीच भरली.

मी भित्री होते. दुसरं काही कारण नाही. आणि नंतर वाटत राहिलं, आता फार उशीर झाला.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "मला काय सांगतेस? आधी त्याला कळव." डोळे पुसून आत गेले. तुला पत्र लिहायला बसलेत, पण तीन कागद फाडून झालेत.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना? हो म्हण. माझ्यावर रागावायला जन्म पडलाय, हवा तेवढा वेळ घे. मला उत्तर नाही आलं तरी चालेल, सभागृहाला मात्र तुझा होकार जाऊ दे.

सहा वर्षं तुझ्या शेजारी गप्प उभी राहिलेली,
तुझी ताई