अकरा पॉइंट चार

२२ जून २०१४, रविवार

तीस दिवस! सेजलबाईंनी आम्हा जुन्यांना तीस दिवसांची मुदत दिली आहे. मेल आलीय— 'पाणसाद'ची पाचवी आवृत्ती विंडोज एक्सपीवर चालणार नाही. हरकत असेल त्याने कळवावं. जो गप्प बसेल तो राजी आहे असं धरू.

आणि ही माझीच विद्यार्थिनी! हरमलच्या किनाऱ्यावर बापाच्या खानावळीत माशांच्या टोपल्यांशेजारी बसून बीजगणित सोडवायची. दहा वर्षांपूर्वी पाळी गावाच्या वरच्या खाणीचा बांध फुटला, पाच घरं गेली, तेव्हा आम्ही दोघींनीच शाळेच्या कॉम्प्युटरवर 'पाणसाद' लिहिलं. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी किती चढलं ते मशीनने वाचायचं आणि पंधरा मीटर झालं की भोंगा वाजवायचा. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही सुधारावं. पडद्यावरची सूचना मराठीत की कोंकणीत यावर दोन महिने भांडलो. शेवटी दोन्ही. आता ती बंगळुरात आणि 'पाणसाद' कुठल्या कुठल्या देशांत.

तिचं म्हणणं, एक्सपीसाठी महिन्यात नऊच वेळा उतरवून घेतलं गेलं, त्यांतले सहा वेळा तर तिनेच, तपासायला. अगं, पाळीच्या त्या मशीनच्या खोलीत इंटरनेट आहे कुठे! तिथे आवृत्ती जाते माझ्या पर्समधून, पेनड्राइव्हवर, साडेआठच्या बसने. ती बस तुझ्या आकड्यात कुठे आली?

२४ जून

पाववाल्या पोदेराने आज कालचे उंडे दिले. सगळं जग नव्याच्या मागे, माझ्याच वाट्याला शिळं.

२७ जून, शुक्रवार

पाळीला जाऊन आले. मशीन व्यवस्थित. कंपनीने खाण बंद करताना टाकून दिलेला कॉम्प्युटर— खड्ड्यातल्या तरंगत्या मापकाची तार त्याच्या पोटातल्या एका कार्डाला जोडलेली, आणि ते कार्ड एक्सपीशिवाय कुणाशी बोलत नाही. चालतंय ना? मग?

देखरेखीला धाकू आहे. दोडामार्गचा. खाणीवर ट्रक चालवायला आला, खाण थांबली, तो राहिला. वाडीतली पंधरा घरं बांधाखाली, त्यात सगळ्यांत खालचं त्याचं.

"बाईनू, अकरा पॉइंट चार," म्हणाला. जणू नातवाचे मार्क सांगतोय.

वाडीला पुन्हा बजावलं— भोंगा वाजला की भांडीकुंडी न बघता शाळेवर चढायचं. वाजला नाही तर कुणाच्या ओरडण्यावर हलायचं नाही. गेल्या पावसात कुणीतरी पिऊन "बांध फुटलो!" म्हणून बोंबलला आणि पळताना तारा म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं. म्हणून हा नियम. माझा.

१ जुलै, मंगळवार

'नाही' असं लिहून पाठवलं. एवढंच नाही, खाली दोन पानं. सुरुवात करणाऱ्यांपैकी एकीने 'नाही' म्हटलं की काम थांबतं, हा नियमही मीच घातलेला. पाचवी आवृत्ती अडली! सगळ्यांचीच.

सेजलचं उत्तर एका ओळीचं : "टीचर, चालतंय म्हणजे बरोबर चालतंय असं नाही."

मला शिकवते!

५ जुलै

कुरियर. सेजलने एक खोका पाठवलाय— तळहाताएवढं नवं मशीन, नवा मापक, तार. सोबत चिठ्ठी. "टीचर, रागावा, पण हे पाळीला बसवा. अर्ध्या तासाचं काम. धाकूभाऊंना मी फोनवरून सांगेन." भर पावसाळ्यात चालत्या मशीनला हात लावायचा? खोका टेबलाखाली सरकवला. वर ओली छत्री.

मात्र मनाला बरं वाटेल अशा चार मेल आल्यात. माझी दोन पानं वाचून चार ठिकाणच्या एक्सपीवाल्यांनी आभार मानलेत. म्हणे, नऊच वेळा, त्यांतले सहा तिचेच! त्यांत सुर्ल्याची सरस्वती. महिला मंडळाची आहे, तिथल्या बंद खाणीवरचं आमचंच मशीन सांभाळते. तिने तर फोनच केला. "टीचर, मंडळाच्या बायका नव्या मशीनसाठी माझ्या मागे लागल्या होत्या. तुमचं वाचून दाखवलं. सगळ्या गप्प!"

९ जुलै, बुधवार

जोराचा पाऊस सुरू झाला तो थांबायचं नाव नाही. डिचोलीच्या बाजारात घोट्यापर्यंत पाणी. धाकूला फोन केला. "बाईनू, काय्येक भिया नाय. अकरा पॉइंट चार. जागचो हलाक नाय." खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप छान काम करतोय म्हणायचा. सेजलला मुद्दाम कळवलं.

१३ जुलै, रविवार

सेजलचा फोन. आधी गोड, मग घसरली.

"टीचर, पाचव्या आवृत्तीत काय आहे ते वाचलं तरी का तुम्ही? पावसात सहा तास आकडा बदलला नाही तर ती दोनदा भोंगा देते. मापक अडकला असेल म्हणून. एक्सपीवर ते बसतच नाही. तुमच्या एका 'नाही'मुळे ते कुणालाच मिळत नाहीय."

मी म्हटलं, "तू पाळीला शेवटची कधी गेलीस?"

"तुम्ही खोका उघडलात?"

मी फोन ठेवला. छत्री पुन्हा नीट खोक्यावर ठेवली. रागाने, दुसरं काय.

१५ जुलै, मंगळवार

सकाळी सातला धाकूचा फोन. "बाईनू, पंप बंद आसा. पंपाचो ट्रान्सफॉर्मर जळलो, चार दिस झाले. पण भिया नको. खोलीत लाइट आसा आणि आकडो तोच. अकरा पॉइंट चार."

चहा ओतून घेतला. धाकूचा आवाज छान होता. मी हे वरचं इथे लिहिलं, समाधानाने. मग पुन्हा वाचलं.

चार दिवस पंप बंद. चार दिवस हा असा पाऊस. आकडा तोच.

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा बोटांवर पट्टी मारायची— उत्तर आलं की दुसऱ्या रीतीने ताडून पाहा! तीस वर्षं मी तीच पट्टी पोरांना दाखवली. आणि एक आकडा अठरा दिवस हलत नाही, तो मी लोकांना कौतुकाने सांगत सुटले.

१५ जुलै, दुपार

पाळीच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. वेळ जात नाही.

रिक्षा करून आले. मापकाची तार पाइपात गाळाने घट्ट धरलेली. बांधावरून दोरीला वजन बांधून सोडलं, धाकूनेच मोजलं. पंधरा पॉइंट नऊ. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"वाडीला उठव," म्हटलं.

तो दोरी हातात धरून उभाच. "पण बाईनू, भोंगो खय वाजलो? तुमीच सांगललास मा, भोंगो वाजल्याशिवाय हलूचा नाय."

"आता मी सांगतेय!"

"गेल्या साली पण कोणीतरी सांगललाच," तारा म्हातारी दारातून म्हणाली. "माजी कंबर बघ."

घरोघर फिरले. दोन घरं निघाली, तीही मला वाईट वाटू नये म्हणून. बाकीचे नम्रपणे आत गेले. मशीनवर त्यांचा विश्वास. मीच लावलेला.

शेवटी खोलीत गेले आणि मर्यादा पंधराची अकरा केली. मशीनने अकरा पॉइंट चार वाचलं आणि भोंगा वाजला.

पाच मिनिटांत पंधराही घरं रिकामी! धाकूने म्हातारीला पाठीवर घेतलं. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "बघा, वाजलो मा? मशीन बरा आसा."

मी म्हातारीची काठी उचलून मागोमाग चढले.

चार वाजता बांधाचा डावा कोपरा सुटला. धाकूचं घर दिसत नाही.

१६ जुलै, बुधवार

सेजलला पहाटे लिहिलं— माझं 'नाही' काढ. जुनं बंद कर. त्या चार एक्सपीवाल्यांना आजच्या आज दोरी टाकून पाणी मोजायला सांग.

तिघांचं उत्तर आलं. सुर्ल्याला सरस्वतीचा फोन लागत नाही.