हिरवा ठिपका खरवडताना

प्रिय रोहिणीचे पप्पा,

तुमचा एक हिरवा ठिपका मी मागच्या आठवड्यात ब्लेडने खरवडून टाकला. लोणखेड्यात कुठली गोष्ट लपते? अर्ध्या गावाला कळलंच आहे. तुमच्यापर्यंत कुणी तिखटमीठ लावून पोचवण्याआधी मीच लिहिते. तुम्ही गेल्यापासून चार वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती. आज बसले ती कबुली द्यायला म्हणून, पण खरं सांगू? कबुली कमी आणि बढाईच जास्त होणार आहे. ऐकून घ्या.

तुमच्या ठिपक्याची काय पत होती, हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का? आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराला लावून उरलेला तो हिरवा ऑइलपेंट. जुनी सायकल कुणी विकायला काढली की आधी आपल्याकडे यायची. तुम्ही ती उलटी करायचे, तासभर तिच्याशी झटायचे, आणि मनासारखी निघाली तरच पायडलचा एक्सल बसतो त्याच्या खाली, फ्रेमच्या पोटाला, काडीने एक ठिपका लावायचे. मग शहाद्यापासून पुरुषोत्तमनगरपर्यंत ती सायकल कुणीही डोळे मिटून घ्यायचं. घेणारा आधी वाकून पोट बघायचा, मग चाकं.

एक राग आहे, तोही सांगून टाकते. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मी काढायचा, बेअरिंगचे छर्रे मी धुवायचे, ग्रीसने कोपरापर्यंत हात माझे भरायचे, आणि ठिपका मात्र तुम्ही लावायचा. एकदाही ती काडी माझ्या हातात दिली नाहीत. का हो? विसरलात, की माझ्यावर विश्वास नव्हता? तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, आता तुम्ही लावा. मी नाही म्हणत राहिले. ठिपका त्यांचा होता, मी फक्त दुरुस्ती करते, असं सांगून चार वर्षं लोकांना परत पाठवलं.

तर रोहिणीचं ऐका. आपली पोरगी आता शहाद्याच्या बँकेत आहे. बँकेतल्या चौघीजणी मिळून रविवारी सायकली काढतात. डोंगराच्या वाटेवर तिची साधी सायकल दमते, म्हणून तिला हार्डटेल हवी झाली. तुम्ही बघितली आहेत ती, पुढे शॉकअप आणि मागे काहीच नाही, नुसती कडक फ्रेम. नवी नको, जुनी चांगली बघू, म्हणाली. तुमचीच लेक! आणि पुढच्या रविवारी तिला त्याच सायकलवर तोरणमाळचा घाट उतरायचा होता.

सायकल निघाली रमणभाऊंकडे. तुमचे रमणभाऊ, साखर कारखान्यातले, रोज संध्याकाळी आपल्या बाकावर बसून तुमचं डोकं खाणारे. त्यांच्या मुलाची सायकल. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तिथे त्याने दुसरी घेतली, ही घरी पडून होती. भाऊ स्वतः ढकलत घेऊन आले आणि स्टँडला लावायच्या आधी आडवी करून मला पोट दाखवलं.

"वहिनी, देखानं काय शे त्यामा? गोकुळना ठिपका शे ना खाले."

होता. थोडा मळलेला, पण तुमचाच.

रोहिणी मोबाइलवरून वाचत होती. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, मधला साइझ, तिच्या उंचीला बरोबर. साडेसत्तावीसचं चाक. गिअर पुढे दोन, मागे नऊ. ऑइलचे डिस्क ब्रेक. शॉकअप चार इंच दबणारा, वर लॉक. मी म्हटलं, बाई, हे सगळं सायकल दुकानातून निघाली तेव्हाचं झालं. आज ती कशी आहे ते बघू दे.

"मम्मी, पप्पानी देखेल शे ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यात तुम्ही उभे होतात.

तरी उलटी केली. तुमची सवय हाताला लागली आहे, हात माझं ऐकत नाही. चाकं फिरवली, मागच्याला किंचित आउट, दोन तारा आवळल्या की जाईल असा. पायडलचा क्रँक धरून आडवा हलवला, खेळ नाही. पुढच्या दात्यावरची चेन बोटाने ओढून बघितली, दात दिसण्याइतकी उचलली गेली, म्हणजे चेन बदलावी लागणार. सरळ करून पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवर सगळा भार टाकला. शॉकअप मऊ दबला, मऊ वर आला, दांडीवर तेलाचा थेंब नाही. ब्रेकची पॅड अर्धी शिल्लक. भाऊ प्रत्येक वेळी मान हलवत होते, सांगितलं होतं ना, अशा थाटात.

खालची जाड नळी हँडलच्या नळीला मिळते, तिथे पोटाकडून एक मोठा स्टिकर होता. दगड लागू नयेत म्हणून लावतात तसला. तुमचा आवाज आला हो कानात. "स्टिकर काढ, तठेच चोरी ऱ्हास." मी काढला. खाली रंगाला एक सुरकुती होती. नखाला लागली न लागली अशी.

भाऊंना म्हटलं, जरा खडू लावून बघते. त्यांचा चेहरा उतरला. "गोकुळना ठिपकाले तुम्ही खोटा पाडतस का?" शेजारचा पानवाला ऐकत होता, गिऱ्हाइकं ऐकत होती. तुमच्या बाकावर बसून, तुमच्या दोस्तासमोर, तुमच्या दुकानात मी तुमच्याच खुणेवर शंका घेत होते. सोडून द्यावं असं एकदा मनात आलं. मग घाट आठवला. वळणावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि त्या नळीवर आपली पोरगी असणार.

रॉकेल आता मिळत नाही, मी डिझेलवर भागवते. ब्रशने लावलं, मुरू दिलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि खडू घासून सगळं पांढरं केलं. मग थांबायचं, भेगेत तेल मुरलं असेल तर ते खडूत उतरेपर्यंत. तुम्ही या दहा मिनिटांत विडी ओढायचे, मी काय करू? मी मनातल्या मनात देवाकडे दोन उलटसुलट मागण्या करत बसले होते. रेघ उमटू नये, रमणभाऊंचा मान राहू दे. आणि असेल तर उमटूच दे, आता, इथे, माझ्या डोळ्यांसमोर.

उमटली. पांढऱ्यावर काळी, केसाएवढी, जोडाच्या कडेने अर्ध्या नळीला वळसा घालून.

भाऊ वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकले. मला वाटलं आता चिडतील. ते बाकावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मन्हा पोऱ्या मांगली दिवाईले ह्याच सायकलवर घाट उतरना, वहिनी."

मी पाण्याचा तांब्या दिला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलंच, मग गोकुळ चुकला का? मी सांगितलं, "भाऊ, ठिपका खोटा नही. ठिपका जुना शे." पाच वर्षांपूर्वी ही सायकल आली तेव्हा त्या जोडावर खडू मीच घासला होता, पप्पा. तुम्ही विडी ओढत होतात, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा काही उमटलं नव्हतं. पोराने नंतर पाच वर्षं ती दगडाधोंड्यांवरून उडवली, ते कोण बघणार? आपण सगळे मात्र तुमच्या ठिपक्याला देवाच्या अंगाऱ्यासारखं धरून बसलो. तुम्ही गेल्यावर तर जास्तच. मीसुद्धा.

अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंग मारून घाटावर पाठवता येत नाही. फ्रेम भंगारात. ती तशीच भंगारात दिली असती तर कुणी उचलून, पोटावरचा ठिपका दाखवून पुन्हा विकली असती. म्हणून ब्लेड घेतलं. रंग चांगलाच धरला होता हो तुमचा, निघता निघेना. हिरवा पापुद्रा नखात अडकला तेव्हा मला रडू आलं. रोहिणीने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि भाऊ उगाच रस्त्याकडे बघू लागले. आता वाटतं, रडले ते बरंच झालं. चार वर्षं मी ते डबा झाकून ठेवावा तसं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तर रमणभाऊ आधीच येऊन उभे. सोबत दुसरी सायकल, त्यांच्या पुतण्याची, तसलीच हार्डटेल, फ्रेम धड पण शॉकअप गेलेला आणि चाकं वाकडी. म्हणाले, त्या मोडक्या सायकलीचा चांगला माल हिला बसवा आणि पोरीला द्या. नंतर म्हणाले, "आनि वहिनी, तुमना ठिपका लावा."

दोन दिवस लागले. शॉकअप उतरवून चढवला, चाकं सरळ केली, चेन नवी टाकली, ब्रेकमधली हवा काढली. फ्रेमचा एकेक जोड खडूने तपासला, सगळे स्टिकर काढून. रोहिणी कुरकुरली की सायकल नागडी दिसते. दिसू दे म्हटलं.

आणि मग ठिपका लावला. तुमचा डबा उघडला तर आत रंगाचा दगड झालेला. रोहिणीची मरून रंगाची नेलपॉलिशची बाटली घेतली. हसू नका, ऑइलपेंटपेक्षा लवकर वाळते. काडीने टेकवला. पहिल्याच टेकीत गोल बसला, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. ठिपक्याशेजारी दाभणाने साल आणि महिना कोरला. तुम्ही हे कधी केलं नाहीत. करायला हवं होतं, पप्पा. माणूस जातो आणि ठिपका तसाच ताजा दिसतो, लोकांना काय कळणार?

रविवारी पोरगी घाट उतरली. मी दुकानात हातात पाना धरून नुसती बसून होते, एकाही गिऱ्हाइकाचं काम धड केलं नाही. दुपारी फोन आला. "मम्मी, उतरनू. ब्रेक एकदम मस्त शे." शॉकअपचं कौतुक केलं, गिअरचं केलं, बरोबरच्या पोरींच्या सायकली कशा मागे राहिल्या ते सांगितलं. मग म्हणाली की वरती चौघींनी सायकली आडव्या करून पोटं बघितली आणि उरलेल्या तिघी पुढच्या आठवड्यात आपल्या दुकानात येणार आहेत, ठिपका लावून घ्यायला. मी फोन ठेवला आणि शेजारच्या पानवाल्याला न विचारता सांगितलं की माझी लेक तोरणमाळ उतरली, माझ्या हातच्या सायकलवर. त्याने दोनदा ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

मला माझा फार अभिमान वाटला. आणि तुमचाही. ती काडी हातात दिली नाहीत, पण खडू मात्र तुम्ही पहिल्या वर्षापासून माझ्याच हातात दिलात, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. राग अर्धा गेला. अर्धा ठेवते.

आता वचन. तुमचा हिरवा ठिपका असलेल्या सायकली या तालुक्यात अजून किती असतील कोण जाणे. दिसेल ती थांबवीन, उलटी करीन, फुकट तपासीन. चांगली निघाली तर ठिपका राहील, नाही तर माझ्या हाताने काढीन, आणि रडणार नाही. आणि रोहिणीची सायकल दर सहा महिन्यांनी पहिल्यापासून तपासीन, ठिपका कुणाचा आहे ते न बघता. तो माझा असला तरी.

तुमची,
कल्पना