घडीतली वेणी

२ नोव्हें., रविवार
पेटी अखेर आज उघडली. कालपर्यंत नुसती बाहेरून बघत होते. इथल्या, कतारच्या हवेशी कापड जुळल्याशिवाय हात लावायचा नाही. इजिप्तमधली लिननची ओढणी, एका कबरीतून निघालेली, हजार वर्षांहून जुनी. कडेला लोकरीची तांबडी पट्टी, तिच्यात बारीक क्रूस. तांबडा रंग असा की जणू कालच रंगवलाय. लेबल : "ख्रिस्ती स्त्रीची ओढणी." घड्या एकमेकींना चिकटलेल्या.
इतकी वर्षं संग्रहालयात जुनी कापडं जपायचं काम करतेय, तरी हातमोजे दोनदा तपासून चढवले.
नवऱ्याला, अभयला फोन केला. तो हमद पोर्टवर कामावर, मागे क्रेनची घरघर. "पोचली का तुझी पाहुणी?" म्हणाला. पाहुणीच.

३ नोव्हें., सोमवार
दुसरी पेटी. ही ओढणी मुसलमान बाईची. त्याच मुलुखातली, थोडी नंतरची. काठात विणलेली अरबी अक्षरं, त्यात अल्लाचं नाव. दोन्ही शेजारी ठेवल्या.
कपडे पुतळ्यांवर चढवायचं, टाचायचं काम जुलेखाचं. रत्नागिरीची. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये स्पेनच्या चर्चमधली काळी लेस, नन्सचे पांढरे कपडे, इस्तंबूलच्या बायकांचे मलमली बुरखे सगळं तिनेच लावलंय. आज दोन्ही काठांवर टिश्यू पेपर टाकून ते झाकले आणि म्हणाली, "आता सांगा ताई, कुठली कोनाची?"
नाही सांगता आलं. सूत तेच, पीळ तोच. पदर हनुवटीखाली ओढून घेताना कापड जिथे झिजतं, तिथेच दोन्ही झिजलेल्या. एकीने चर्चमध्ये जाताना ओढली असेल, एकीने नमाजाला. बाजारात दोघींनीही. हाताची सवय तेवढी उरली.
घरी येऊन ईशाला सांगितलं. "That's actually crazy, Aai," म्हणाली, आणि चक्क फोन खाली ठेवला.

५ नोव्हें., बुधवार
आज जे झालं ते
क्रूसाच्या ओढणीला हळूहळू ओल देत होते. दुपारी वरची घडी सैल झाली. चिमट्याने जराशी उचलली. आत विणलेली जाळीची टोपी. टोपीत केस. वेणी. तपकिरी, आखडून बसलेली, तीन पेडांची. कुणीतरी घट्ट घातलेली. गाठीजवळ एक बट सुटलेली, अगदी रोज सकाळी ईशाची सुटते तशी.
  बाहेर कॉरिडॉरमध्ये इलेक्ट्रिशियन दिवे बसवत होते. जुलेखा उठली, दार लावलं आणि परत येऊन बसली. आपण काय केलं हे तिलाही नंतर कळलं असावं, कारण माझ्याकडे बघून ओशाळली.
 हजार वर्षांनी कुणीतरी त्या बाईसाठी दार लावलं.
घडी परत टाकली. हात धुतले. का धुतले माहीत नाही, हातमोजे तर होते.

६ नोव्हें., गुरु.
डॉ. नादिया आल्या. प्रदर्शन त्यांचं. इजिप्तच्याच, ख्रिस्ती. वेणी बघून डोळे भरले त्यांचे. म्हणाल्या, उघडीच ठेवायची. घडी मागे घ्यायची, खाली छोटा आरसा. "लोक येतात, कापड बघतात, पुढे जातात. इथे थांबतील. ही बाई खरी होती हे कळेल."
जुलेखा माझ्याशी बोलायची त्याच भाषेत बोलून गेली, "मना नाय जमनार ह्या." मग इंग्रजीत, अडखळत : जिने जन्मभर केस झाकले, मेल्यावरही झाकूनच पुरली, तिचे मी उघडणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा.
नादिया रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी आजी आणि शेजारची मुसलमान हाजियानी एकाच रंगाची चादर डोक्यावरून घ्यायच्या. लांबून मला कोण कुठली कळायची नाही. झाकण्याचं मला काहीच नाही असं वाटतं तुला?"
 मी दोघींच्या मध्ये. जुलेखाचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. "विचार कर," म्हटलं. "केलाय," म्हणाली.

८ नोव्हें., शनि.
समैस्मा या किनाऱ्यावरच्या गावी गेले. प्रदर्शनासाठी एक आजी स्वतःचा बतूला देणार होत्या, तो आणायला. बतूला म्हणजे इथल्या लग्न झालेल्या बायकांचा तोंडावरचा मुखवटा. कापडाचाच, निळीत रंगवून घोटलेला, सोन्यासारखा चकाकतो. समुद्र अगदी दारात. कॉफी, खजूर, परत कॉफी. आजी बोलत होत्या, नात इंग्रजीत सांगत होती.
आजींनी बतूला काढला. नाकावर, गालांवर निळसर छटा. आयुष्यभराची निळ, धुऊन जात नाही म्हणे. बघत राहिले. इतका सुंदर चेहरा मी फार कमी पाहिलाय.
विचारलं, हा अनोळखी पुरुष बघतील, चालेल ना? आजी खूप हसल्या. नात म्हणाली, "त्या म्हणतात, बतूला तर सगळ्या जगाने बघितलाय, तो बघण्यासाठीच असतो. मागचं माझं."
निघताना आजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. काहीतरी पुटपुटल्या. नातीने त्याचं भाषांतर केलं नाही, मीही विचारलं नाही.

११ नोव्हें., मंगळ.
रिपोर्ट द्यायचाय. घडी उघडी राहू शकते का? "कापड फार नाजूक, शक्य नाही" एवढं एक वाक्य लिहिलं की विषय खलास. नादिया माझा शब्द मोडणार नाहीत. जुलेखाही सुटेल.
पण कापड मजबूत आहे. कमालीचं मजबूत. कातणारीचा काय हात होता!
खोटं लिहायला बसले आणि जमेना. वाटलं, त्या वेणीवाल्या बाईच्या नावावर खोटं खपवतेय, तेही तिने एवढं चांगलं वापरून जपलेल्या कापडाबद्दल. खरं ते लिहिलं : योग्य आधार दिल्यास उघडी ठेवता येईल.
जुलेखाला स्वतःच सांगितलं. ती "बरां केलांत" म्हणाली आणि टाके घालत राहिली. डोळे वर केले नाहीत.

१३ नोव्हें., गुरु.
ईशा जेवताना : "Just ask what she'd want." अभय म्हणाला, विचारणार कशी? ईशा : "Then why is everyone so sure?"
 सासूबाई आठवल्या. नाशिकच्या घरी पायऱ्यांवर कुणी पुरुष खाकरल्याचं ऐकू आलं की बोलता बोलता पदर डोक्यावर. आवडायचं का त्यांना? कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना तरी सांगता आलं असतं का

१६ नोव्हें., रविवार
संग्रहालयाच्या डायरेक्टर आल्या. कतारी, माझ्याच वयाच्या, काळी अबाया, कमी बोलणाऱ्या. नादियांनी आपली बाजू सांगितली. जुलेखाला बोलावलं, तिनेही सांगितली.  डायरेक्टर माझ्याकडे वळल्या. म्हटलं, दोन्ही होऊ शकतं, मला ठरवता येत नाही.
घडी उचलून दाखवली. त्या खूप वेळ वाकून बघत होत्या. मग हळूच विचारलं, "तिचं तोंड कुठल्या बाजूला असेल?"
आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. मी टोपीची दोरी बघितली, गाठ मानेवर येणार. वेणी तिच्याच खाली, भिंतीच्या बाजूला. म्हणजे पाठ भिंतीकडे. म्हणजे तोंड
माझं स्टूल त्या बाजूला होतं. पहिल्या दिवसापासून.
"या बाजूला," म्हटलं. चौघीही तिथेच उभ्या होतो, टेबलाला टेकून, तिच्या अगदी समोर. नादियांचा हात छातीशी गेला. जुलेखा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. कुणी मागे सरकलं नाही.
डायरेक्टर म्हणाल्या, "इन्शाल्ला, उद्या ठरवू," आणि आवाज न करता निघून गेल्या.
त्या गेल्यावर घडी खाली घेतली. अगदी सावकाश, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालतात तशी. आणि तिच्यासमोर बसून राहिले.