पाठीवर सात पानं असलेली खुर्ची

जळगाव, मंगळवार

आदरणीय झुलालनाना यांना अभिमनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो, कारण माझी सांगायला घेतली तर तुमची राहून जाईल. दमा कसा आहे? इकडची खुशाली कळवण्याजोगी नाही, पण पत्रात ती लिहायचीच असते म्हणून लिहितो की ठीक आहे. माझ्या लताबाईला जाऊन दीड वर्ष झालं. सून रोज सकाळी विचारते, "बाबा, भाजी काय करू?" आणि मी तोंड उघडायच्या आत भेंडी चिरायला घेते. फोन न करता पत्र लिहितोय, कारण कारखान्यात ग्राइंडरजवळ तीस वर्षं उभं राहून तुमचे कान गेले, आणि मी फोनवर बोललेलं तुमची सूनबाई रत्ना तुम्हाला ओरडून सांगते. मागच्या खेपेस मी माझ्या मूळव्याधीबद्दल बोललो, तर ती धुळ्यात अख्ख्या देवपुराला कळली.

तर गेल्या महिन्यात पुण्याहून मेघा नावाची एक मुलगी आमच्याकडे आली. प्लॅस्टिकच्या जुन्या फर्निचरचा अभ्यास करते. (सुनेला वाटलं, भंगार घ्यायला आली. तिने फुटकी बादली आणून पुढ्यात ठेवली.) ती म्हणाली, पुण्याच्या एका संग्रहालयात पुढच्या महिन्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं प्रदर्शन आहे. तिने फोटो दाखवले. एका साच्यातून अख्खी खुर्ची निघावी म्हणून परदेशात साठ-सत्तर साली मोठमोठ्या लोकांनी डोकी झिजवली, त्यांच्या त्या खुर्च्या आज काचेआड आहेत. आपल्याकडे तशी खुर्ची आली तेव्हा लोक ती लेकीला आंदण द्यायचे, पाहुणा उठला की फडक्याने पुसायचे. मग ती स्वस्त झाली, मांडवात गेली, आणि मांडवातून कुठेही गेली. जी वस्तू सगळ्यांकडे असते ती कोणीच जपत नाही, असं मेघाचं म्हणणं. तिला खानदेशातली सुरुवातीच्या काळातली एक खुर्ची हवी होती. एमआयडीसीतल्या आपल्या बंद कारखान्यात एकोणनव्वद साली पाठीवर सात पिंपळपानं असलेली खुर्ची निघायची आणि तिचा साचा करणारा अभिमन सोनवणे अजून आहे, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ('अजून' ती बोलली नाही, पण चेहऱ्यावर होतं.)

नाना, आपण तशा लाखभर खुर्च्या काढल्या असतील. मला वाटलं, एक शोधायला कितीसा वेळ लागतो. साचा तर मालकाच्या मुलाने लोखंडाच्या भावाने विकला, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मेघाच्या गाडीतून आम्ही तीन दिवस हिंडलो. जामनेरला मांडववाला जीवराम म्हणाला, त्या खुर्च्या कधीच दळून त्यांचा दाणा केला, आता त्यांच्या बादल्या झाल्या असतील. (म्हणजे सुनेने दिलेली बादली मेघाने ठेवून घ्यायला हवी होती.) पाचोऱ्याला एक पाठ सापडली, नुसती पाठ, म्हशीच्या गोठ्यात खिडकीला तारेने बांधलेली. पानांतून वारा बरा येतो, म्हणाले. चाळीसगावला एका ओसरीत अख्खी खुर्ची दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन पाहतो तर बैठकीला मधोमध गोल भोक पाडलेलं. घरातली म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती, तिची सोय केली होती. जिचा साचा मी अकरा आठवडे कानशीने घासून गुळगुळीत केला, ती बैठक. मेघाने फोटो काढला आणि वहीत 'वापरणाऱ्याने केलेला बदल' असं लिहिलं. शिकलेल्या माणसाला कशाचं वाईट वाटत नाही.

खुर्ची शेवटी सापडली जळगावातच, स्मशानात. तिथे कौतिक नावाचा राखणदार आहे, लाकडं मोजून देतो. त्याच्या खोलीबाहेर ती होती. मूळची पांढरी, आता जुन्या दाताच्या रंगाची. एक पाय तडकलेला, तारेने शिवलेला. मी उलटी करून पाहिलं, बैठकीखाली आपल्या साच्याची खूण होती. सरळ ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं. लताबाईला आणलं त्या दिवशी मला उभं राहवेना, म्हणून पोरांनी मला ह्याच खुर्चीत बसवलं होतं. दोन तास बसलो होतो, नाना. माझ्या हातची खुर्ची माझ्याखाली होती आणि मला ओळखू आली नाही. मेघाला हे सांगितलं. तिने वही मिटून पिशवीत ठेवली.

कौतिक खुर्ची द्यायला तयार होईना. "हाई खुर्ची मसाननी शे, भाऊ. ईवर बठ्ठा बसेल शेतस." म्हणजे सगळं गाव तिच्यावर बसून गेलेलं. मी नवी कोरी खुर्ची आणून दिली. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली. "हिले हात नहीत. रडनारा मानूस हात कोठे ठेवी?" मेघाने पुन्हा वही काढून ते शब्दन् शब्द उतरवलं. म्हणाली, इतकं नेमकं तिच्या पुस्तकांतही कोणी लिहिलेलं नाही. मग हात असलेल्या दोन खुर्च्या आणल्या, तेव्हा कुठे त्याने जुनी सोडली. वर मेघाला बजावलं, काचेत कोंडू नका, तिला माणसांची सवय आहे.

आता ती पुण्यात आहे. हातमोजे घालून मऊ ब्रशने धुतात म्हणे. खाली पाटी लागणार आहे : 'जळगाव, १९८९. रचना आणि साचा : अभिमन सोनवणे.' मेघाने पाटीचा मजकूर मोबाइलवर पाठवला. सुनेला दाखवला, तिने "छान" म्हटलं आणि गॅस बारीक केला. मी मात्र संध्याकाळपर्यंत तो बघत बसलो. मुलाने सगळ्यांची पुण्याची तिकिटं काढलीत. गल्लीतले चार जण येणार आहेत, ज्यांना मी इतकी वर्षं काय करत होतो हेच ठाऊक नव्हतं.

वहिनींच्या फोटोपुढे माझ्या नावाने उदबत्ती लावा. दम्याला जपा.

आपला,
अभिमन

ता. क. : रचना माझी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ती सात पानं तुम्ही खडूने कारखान्याच्या फरशीवर काढलीत, ऑइलच्या डब्यावर बसून, आणि मी ती लोखंडात उतरवली, एवढंच. मेघाने विचारलं, "नक्षी कोणाची?" मी म्हटलं, "माझीच." दीड वर्षात मला भाजीखेरीज कोणी काही विचारलं नव्हतं. एक माणूस हातात पेन घेऊन समोर बसला आणि तोंडातून निघून गेलं. नंतर खरं सांगायला तिला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिच्या आईची तब्येत विचारून ठेवून दिला.

ता. क. दुसरी : पाटी सोमवारी छापायला जाते. मेघा शुक्रवारी धुळ्याला तुमच्याकडे येईल, जुन्या कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करायला. तिला खरं सांगा. माझ्याच्याने होत नाही. दोघांची नावं लावली तरी चालेल, एकट्या तुमचं लावलं तरी माझी तक्रार नाही.

ता. क. तिसरी : रत्ना मागे म्हणत होती, हल्ली तुम्हाला जुनं फारसं आठवत नाही. तसं असेल, तर शुक्रवारी उगाच डोक्याला ताण देऊ नका.